दहा शब्दांची खुशाली

मुलांनो, मोबाइल टेबलावर गप्प पडलेला असतो तेव्हा तो काय करत असतो, सांगा पाहू? तुम्ही म्हणाल, "काय करणार? झोपलाय!" पण तसं नाही बरं का. ससा डुलकी घेतानाही कान टवकारून असतो ना, तसा मोबाइल पडल्यापडल्यासुद्धा ऐकत असतो. काय ऐकतो? टॉवरची हाक.

गावाबाहेर, नाहीतर एखाद्या इमारतीच्या गच्चीवर तो लोखंडी टॉवर उभा असतो. तो अहोरात्र एकच घोषणा करत राहतो, "मी अमक्या कंपनीचा, अमक्या नंबरचा टॉवर. कुणी आहे का?" आपल्या कानांना ती ऐकू येत नाही, कारण ती आवाजाची नाही, रेडिओ लहरींची असते. आपण फोन चालू केला, की तो आधी या घोषणा ऐकत सुटतो. चार टॉवर ऐकू आले, तर साधारणपणे ज्याचा आवाज सगळ्यांत स्पष्ट आणि जो आपल्या कंपनीचा, त्याच्याकडे वळतो आणि म्हणतो, "मला आत घ्या."

आता आत घेणं इतकं सोपं नाही. तुमच्यापैकी कुणी कंधारचा किंवा उदगीरचा किल्ला पाहिला असेल. पूर्वी किल्ल्याच्या दारावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारायचा. पण तो शब्द मोठ्याने सांगितला आणि झाडामागच्या चोराने ऐकला तर? हवेतून बोलणाऱ्या मोबाइलपुढे नेमकी हीच अडचण असते. म्हणून त्याने एक युक्ती केली आहे. तुमच्या सिमकार्डात एक गुप्त आकडा असतो. तोच आकडा कंपनीकडेही जपून ठेवलेला असतो. कंपनी फोनला एक भलताच आकडा पाठवते आणि म्हणते, "तुझा गुप्त आकडा वापरून याचं गणित कर, आणि फक्त उत्तर सांग." सिम गणित करून उत्तर पाठवते. तिकडे कंपनीने तेच गणित केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली, की दार उघडलं! गुप्त आकडा मात्र हवेत कधीच जात नाही. चोराने ऐकलं तरी त्याला काय मिळणार? एकदाच कामाला येणारं उत्तर. पुढच्या वेळी गणितच नवं असतं. आहे की नाही गंमत?

या लहरींचं माप सांगितलं तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. मोबाइलसाठी वापरतात त्यांतली एक लहर तुमच्या फूटपट्टीपेक्षा थोडीशीच लांब असते, सुमारे तेहतीस सेंटिमीटर. काही लहरी तिच्या निम्म्या, काही त्याहूनही छोट्या. पण वेग? सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर! लहरी भिंतीतूनही जातात, मात्र जाताना थकतात, म्हणून जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात रेंज कमी मिळते. भिंतीपलीकडे लहरी पोचवून दाखवणाऱ्या पहिल्या मंडळींत आपले जगदीशचंद्र बोस होते. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेशिवाय लांबची घंटा वाजवून दाखवली होती.

आता एक प्रश्न. एका गल्लीत दोन लग्नांचे बँड समोरासमोर वाजू लागले तर काय होतं? दोन्ही गाणी कळेनाशी होतात. टॉवरचंही तसंच होतं. शेजारशेजारचे दोन टॉवर एकाच लहरींवर बोलू लागले, की गोंधळ. मग करायचं काय? लहरी तर मोजक्याच. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले डग्लस रिंग यांनी १९४७ साली उपाय सुचवला. सगळा मुलूख मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सहाकोनी खणांत वाटायचा. प्रत्येक खणाला त्याचा टॉवर. शेजारच्या खणांना वेगवेगळ्या लहरी द्यायच्या, आणि दूरच्या खणात पहिल्याच लहरी पुन्हा वापरायच्या. दोन बँड दोन वेगळ्या गावांत वाजले तर कुणाला त्रास? खणाला इंग्रजीत 'सेल' म्हणतात. 'सेलफोन' हे नाव त्यावरूनच पडलं. पुढे नव्या पद्धती आल्या. आता शेजारचे टॉवर त्याच लहरी वापरूनही एकमेकांना सांभाळून घेतात. पण खणांची कल्पना कायम राहिली.

हे खण तुम्हाला दिसत नाहीत, पण ओलांडता मात्र येतात. मी नांदेडहून लातूरला एसटीने नेहमी जाते. सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, अशी गावं एकामागून एक मागे पडत जातात. मागे एकदा माझी भाची बरोबर होती. ती तिच्या आईशी फोनवर बोलत होती. बोलणं संपल्यावर मला म्हणाली, "मावशी, मी लोह्यापासून बोलतेय, म्हणजे टॉवर कितीतरी बदलले असतील. मग माझं बोलणं तुटलं कसं नाही?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. तुम्ही रिले शर्यत पाहिली आहे ना? पहिला धावपटू थकायच्या आत दुसरा हात पुढे करून तयार असतो. काठी खाली पडू द्यायची नाही. बोलता बोलता फोन आसपासच्या टॉवरचे आवाज मोजत असतो आणि तो हिशेब आपल्या टॉवरला कळवत असतो, "तुमचा आवाज बारीक होतोय, पुढचा मोठा होतोय." तशी पुढच्या टॉवरवर जागा तयार होते, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत फोन उडी मारतो. आपल्याला पत्ताच लागत नाही! पण पुढच्या टॉवरवर जागाच नसली, किंवा मध्ये बालाघाटाचा एखादा डोंगर आडवा आला, की काठी खाली पडते. आपण "हॅलो, हॅलो" करत बसतो. टॉवर लांब असला की फोनला ओरडून बोलावं लागतं. मग बॅटरीही लवकर उतरते. प्रवासात बॅटरी का संपते, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तुम्हाला फोन येतो तेव्हा काय होतं? कंपनीला तुम्ही साधारण कोणत्या भागात आहात एवढंच ठाऊक असतं. नेमका खण ठाऊक असेलच असं नाही. मग त्या भागातले टॉवर पुकारा करतात. नांदेडच्या बसस्थानकावर कर्ण्यावरून कशी सूचना होते, "अमुक अमुक प्रवाशाने चौकशी खिडकीजवळ यावे"? तसंच. ज्याचा नंबर पुकारला, तो फोन म्हणतो, "हजर!" मग टॉवर त्याला हवेतली एक वाट काढून देतो, आणि घंटी वाजते.

आणखी एक गंमत ऐका. तुम्ही वर्गात शेजारच्या बाकावरच्या मित्राला फोन केलात, तरी तुमचा आवाज थेट त्याच्याकडे जात नाही. आधी त्याचे आकडे होतात आणि बारीक बारीक तुकडे पडतात. सेकंदाला पन्नास तुकडे! ते तुकडे टॉवरवर जातात. तिथून जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, नाहीतर टॉवरवरच्या गोल डब्यासारख्या अँटेनातून कंपनीच्या मोठ्या केंद्रात. तिथून परत टॉवर, आणि मग मित्राचा कान. म्हणजे हमखास बिनतारी असतो तो शेवटचा टप्पा, तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचा. आणि सगळी गर्दी होते ती बहुधा याच टप्प्यावर.

माळेगावची यात्रा पाहिली आहे का? नांदेड-लातूर रस्त्यावरच लोहा तालुक्यात ती भरते, मार्गशीर्षात, खंडोबाची. घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड, पाळणे आणि माणसांचा नुसता महापूर! एरवी छोट्याशा गावाला पुरणाऱ्या टॉवरभोवती अचानक लाखभर माणसं येतात. प्रत्येकाला वाटतं, आपण आत्ताच फोन करावा. हवेतली वाट रुंद करता येत नाही. पाणंद एका बैलगाडीची असली, तर शंभर गाड्या एकदम कशा जातील? म्हणून मोठ्या मेळ्यांना कंपन्या चाकांवरचा टॉवर आणून उभा करतात. यात्रेची तारीख आधी ठाऊक असते, म्हणून हे जमतं. पण संकट तारीख सांगून येत नाही.

आता जरा गंभीर होऊ या. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

मी तेव्हा नांदेडला शाळेत होते. मांडणीवरच्या भांड्यांच्या आवाजाने आम्ही जागे झालो. सकाळी रेडिओवर बातमी आली आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, औशाला होती. किल्लारी औसा तालुक्यातच! शेजारच्या नानांकडे फोन होता. बाबा तिथे जाऊन बसले आणि मावशीच्या गल्लीतल्या दुकानाचा नंबर फिरवत राहिले. फोनमधून एकच वाक्य यायचं, "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत." तेव्हा फोन तारेचा होता, पण वाट शेवटी सगळ्यांची एकच होती. साऱ्या देशातून लोक लातूरकडे फोन लावत होते. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. देवापुढे दिवा लावला आणि ती दाराशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लातूरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने एक चिठ्ठी आणून दिली. वहीच्या कागदाची चौघडी. मावशीचंच अक्षर. त्यात लिहिलं होतं, "घराची मागची भिंत पडली. आम्ही पाचही जण सुखरूप. काळजी नसावी." बस्स, दहा शब्द! आईने ती चिठ्ठी चारचारदा वाचली, मग पदराने डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. खुशाली म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसांत किल्लारी भागात आणखी एका तऱ्हेने निरोप जात होते. हौस म्हणून बिनतारी यंत्र चालवणारी मंडळी असतात, त्यांना 'हॅम' म्हणतात. ही मंडळी आपापली यंत्रं, बॅटऱ्या आणि तारा घेऊन तिथे पोचली. एका खांबावर तार ताणली, की त्यांचं केंद्र सुरू! त्यांना टॉवर लागत नाही. त्यांच्या काही लहरी आकाशात खूप उंचावर असलेल्या थरावरून उलटतात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. कुठे काय हवं आहे, हे निरोप त्यांनी पोचवले. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही परीक्षा देऊन हॅमचा परवाना मिळू शकतो बरं का! हॅम मंडळींचा शिरस्ता असा, की एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि तातडीचा निरोप असला तर सगळ्यांनी वाट मोकळी करून द्यायची. हा शिरस्ता लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तेव्हा आपल्या देशात मोबाइल नव्हताच. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. त्या काळात आलेल्या फोनलाही पैसे पडत! परदेशात मात्र त्याआधीच, ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमधल्या नील पॅपवर्थ या तरुण इंजिनियरने पहिला एसएमएस पाठवला होता. नाताळच्या शुभेच्छांचा, दोनच शब्दांचा.

या एसएमएसची गोष्ट मला फार आवडते. टॉवर आणि फोन यांच्यात पुकाऱ्यासाठी, "हजर" म्हणण्यासाठी एक वेगळी छोटी वाट असते. बोलण्याची मोठी वाट निराळी. एसएमएस बसवला तो या छोट्या वाटेवर! म्हणून तो आखूड ठेवावा लागला. इंग्रजीत एकशे साठ अक्षरं, आणि आपल्या देवनागरीत फक्त सत्तर. त्यातही काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, एवढंच काय जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी मोजली जाते. परवा मी मावशीची ती चिठ्ठी या हिशेबाने मोजून पाहिली. मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून भरली अठ्ठावन्न! म्हणजे दहा शब्दांची ती सगळी खुशाली एका एसएमएसमध्ये मावते, वर बारा अक्षरं शिल्लक राहतात.

आता हा हिशेब पाहा. जुन्या जीएसएम पद्धतीत एक मिनिट बोलायला जेवढी माहिती हवेतून न्यावी लागायची, तेवढ्यात सुमारे सातशे एसएमएस मावतात. एका माणसाचं एक मिनिट बोलणं, की सातशे घरांची खुशाली? शिवाय फोन लागला नाही तर नाहीच लागला. एसएमएसचं तसं नसतं. समोरचा फोन सापडला नाही, तर कंपनीचं केंद्र तो जपून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा पोचवायचा प्रयत्न करतं, अगदी त्या कंडक्टरसारखं. आजकाल आपण इंटरनेटवरून निरोप पाठवतो. त्यांची पद्धत वेगळी आहे, पण गोष्ट तीच. दोन ओळींचा मजकूर चिंचोळ्या वाटेनेही निघून जातो. व्हिडिओ मात्र वाटेत आडवा पडतो आणि मागच्यांनाही अडवतो.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. नांदेडलाही तो चांगलाच जाणवला. आमची सगळी गल्ली रस्त्यावर आली, आणि पाहते तो काय, प्रत्येकाच्या कानाला फोन! माझाही फोन तीनदा लागला नाही. मग मी औशाच्या मावसभावाला लिहिलं, "धक्का जाणवला. सगळे सुखरूप. बाहेर आहोत." लगेच त्याचं उत्तर आलं. देवाच्या दयेने त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. पण समजा, एखादी भिंत पडली असती, कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, तर त्या घरच्या माणसाला फोन लागला असता का? त्याची वाट आपणच तर अडवून उभे राहिलो नसतो?

सरकारकडे आता दवंडीचीही सोय आहे. २०२३ साली अनेकांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला होता, आठवतं का तुमच्या आईबाबांना? ती नंबरानंबराला पाठवलेली चिठ्ठी नव्हती. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या खणातले सगळे फोन ऐकतात. त्यामुळे गर्दी होत नाही. असा संदेश आला तर घाबरून बंद करू नका, आधी वाचा.

तर मुलांनो, येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि ही चार कामं करा. पहिलं, लांबच्या गावचा एक नातेवाईक निवडा, पुण्याचे काका असोत की हैदराबादची आत्या. संकटात सगळ्यांनी त्यांनाच खुशाली लिहायची, आणि बाकीच्यांनी त्यांनाच विचारायचं. वीस फोनांचं काम दोन निरोपांत होतं. दुसरं, महत्त्वाचे पाच नंबर कागदावर लिहून दप्तरात ठेवा. बॅटरी संपली की फोनमधल्या नंबरांचा काय उपयोग? वीज गेली की काही तासांनी टॉवरच्याही बॅटऱ्या उतरतात, आणि भारनियमन आपल्याला नवं नाही. तिसरं, सगळ्यांना बजावा, की धक्का बसला, पूर आला, तर आधी लिहायचं. फोटो, व्हिडिओ आणि "तुम्हाला कळलं का?" असले फोन नंतर. ज्याच्यावर खरंच प्रसंग आला आहे, त्याने मात्र बेधडक ११२ ला फोन करायचा. त्याच्यासाठीच तर बाकीच्यांनी वाट मोकळी ठेवायची.

आणि चौथं काम गमतीचं आहे. घरातल्या प्रत्येकाने दहा शब्दांत आपली खुशाली लिहायची. कुठे आहोत, कसे आहोत, काय हवं आहे, सगळं त्यात आलं पाहिजे. मग काना-मात्रेसकट अक्षरं मोजा. सत्तरच्या आत कुणाची बसते बघा. आजी-आजोबांनाही खेळायला घ्या. ते पोस्टकार्डाच्या काळातले आहेत. बहुतेक तेच जिंकतील!